आधी टेल, मग हेड

(दहावी 1984 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात वसमत इथं केलेलं भाषण. बोललो जवळपास तसंच ठेवलं आहे.)



संयोजकांचा मला फोन आला तेव्हा विषय त्यांनी स्वतःच देऊन टाकला. म्हणाले, "तू इंग्लंडला जाऊन आलास म्हणे. तिकडचं काहीतरी सांग. दहा मिनिटं." मी म्हटलं, अरे, लंडन मी एकच दिवस बघितलं आणि त्यातला अर्धा दिवस पाऊस होता. सांगण्यासारखा एकच दिवस आहे आणि तो कॅनॉलवर गेला. त्यावर तो हसला. "कॅनॉल बघायला इंग्लंडला कशाला जायचं बे? आपल्या शाळेमागं काय वाहतंय?"

खरं आहे त्याचं. पण तरी तेच सांगणार आहे. दहा मिनिटांपेक्षा थोडा जास्त वेळ लागेल, तेवढं सांभाळून घ्या.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माझे वडील आठवत असतील. ते कॅनॉलवर पाटकरी होते. खाकी शर्ट, सायकल, आणि सायकलच्या दांडीला बांधलेला गेटचा लोखंडी पाना. सिद्धेश्वर धरणाचं काम 1968 ला पुरं झालं आणि त्याच सुमारास आपल्या पिढीचा जन्म झाला. म्हणजे कॅनॉल आणि आपण एका वयाचे. तेव्हा आपला जिल्हा परभणी होता, हिंगोली जिल्हा 1999 मध्ये झाला. पूर्णेचं पाणी वर येलदरीला अडायचं, तिथं वीज करायचं, खाली सिद्धेश्वरला परत अडायचं आणि मग कॅनॉलनं औंढा, वसमतकडं यायचं. पाणी सुटलं की शाळेत कळायचं, कारण मागच्या दोन बाकांवरची हजेरी निम्मी व्हायची. फॉलवरून उड्या मारायला कोण कोण जायचं ते मी सांगत नाही. त्यातले दोघं आता आजोबा झालेत आणि नातवंडांना घेऊन आलेत.

आता इंग्लंड.

माझी लेक लेस्टरला नोकरीला आहे. गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडं महिनाभर राहिलो. तिच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात, पंचाहत्तरीचे. त्यांची स्वतःची नाव आहे. त्या नावेला तिकडं नॅरोबोट म्हणतात. ती सात फूट रुंद आणि त्यांची तर पन्नास फूट लांब, म्हणजे आपल्या एसटीपेक्षा अरुंद आणि एसटीपेक्षा कितीतरी लांब. आत शेगडी, पलंग, संडास, सगळं एका ओळीत. उन्हाळ्यात ते आणि त्यांची बायको दोन-तीन महिने त्या नावेतच राहतात. ते म्हणाले, आम्ही मार्केट हार्बरोहून निघून फॉक्सटनचे लॉक चढून पुढं दक्षिणेला जाणार आहोत, तेवढा एक दिवस आमच्याबरोबर चला. संध्याकाळी जावई गाडी घेऊन येतील आणि तुम्हाला परत नेतील.

सकाळी साडेआठला आम्ही निघालो. आमच्या मंडळींनी पहाटे उठून धपाटे केले होते आणि सोबत ठेचा. मार्केट हार्बरोपासून फॉक्सटन पाण्याच्या रस्त्यानं साडेपाच मैल आहे. तेवढ्याला अडीच तास लागले. नावेचा वेग जास्तीत जास्त ताशी चार मैल, आणि काठाला दुसरी नाव बांधलेली दिसली की तोही कमी करायचा, नाहीतर लाटेनं तिचे दोर ताणतात. एक आजीबाई कुत्र्याला घेऊन काठाकाठानं चालल्या होत्या. त्यांनी आम्हाला मागं टाकलं. आपल्या मीटरगेजवर खांडव्याकडून येणारी पॅसेंजर आठवते ना? तिच्याही उतारूंना त्या नावेत झोप आली असती.

सुकाणू म्हणजे मागच्या बाजूला एक लांब दांडा. तो डावीकडं ढकलला की नाव उजवीकडं जाते. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही, दोनदा झुडपात घातली. आमच्या मंडळींना पहिल्या पाच मिनिटांत जमलं. त्या यजमानांच्या बायकोला मराठी येत नाही आणि हिला इंग्रजी, तरी दोघी मिळून तासभर नाव चालवत होत्या आणि हसत होत्या. यजमान आणि मी पुढच्या टोकाला बसलो चहा घेऊन. त्यांनी धपाट्याबरोबर ठेचा चांगला चमचाभर घेतला. नंतर बराच वेळ ते फक्त पाण्याकडं बघत होते.

तो कॅनॉल सारखा वळत होता. इकडं वळ, तिकडं वळ. समोर चर्चचा मनोरा दिसायचा, मग तो मागं जायचा, मग परत समोर यायचा. मी विचारलं, सरळ का नाही खोदला? ते म्हणाले, खोदणाऱ्यांनी एकाच उंचीवरची जमीन धरून नेला. ऐकलं आणि मला बाबा आठवले. लहानपणी मी त्यांना हेच विचारलं होतं, आपल्या कॅनॉलबद्दल. ते म्हणाले होते, "कॅनॉल वाकडा नसतो रे, जमीन वाकडी असते."

पण दोन्हीत एक मोठा फरक आहे. आपला कॅनॉल शेतासाठी. त्याला वाहायचं असतं, म्हणून त्याला थोडा उतार ठेवतात, आणि जमीन एकदम खाली गेली की तिथं फॉल बांधतात. त्यांचा कॅनॉल नावेसाठी. त्यातलं पाणी जवळजवळ उभं असतं, तळ्यासारखं. वाहतं पाणी त्यांना नकोच, नाहीतर घोडा उलट्या धारेत नाव कशी ओढणार? हो, घोडा. त्या नावा आधी घोडे ओढायचे, काठावरून चालत. रस्त्यावर जो घोडा गाडीतून जेमतेम दोन टन ओढायचा, तो पाण्यावर पंचवीस-तीस टन ओढायचा. 1761 मध्ये ब्रिजवॉटरच्या ड्यूकनं आपल्या खाणीतला कोळसा कॅनॉलनं मँचेस्टरला आणला, तेव्हा तिथला कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला म्हणतात. मग सगळ्या देशभर कॅनॉल खोदायची लाट आली. पुढं आगगाडी आली आणि कॅनॉल मागं पडले. आज त्यावरून कोळसा जात नाही, माझ्यासारखे रिकामटेकडे जातात. 2012 पासून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट नावाची एक धर्मादाय संस्था ते सांभाळते आणि लॉकवर पुष्कळशी माणसं बिनपगारी, हौसेनं काम करतात.

इंग्रजांनी हेच आपल्या गोदावरीतही करून बघितलं होतं, हे मला परत आल्यावर कळलं. आर्थर कॉटन नावाच्या इंजिनिअरनं राजमहेंद्रीजवळ दौलेश्वरमला 1847 ते 1852 या काळात बंधारा घातला. तिथून निघणारे कॅनॉल शेतीसाठीही होते आणि नावांसाठीही, आणि त्यांच्यावर लॉक होते. मग वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशा मार्गानं आपल्या वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस नावेनं समुद्राला न्यायचा बेत केला. वाटेतल्या खडकाळ धारा टाळायला बांधकामंही सुरू केली. सिरोंच्याच्या खालच्या अंगाला एक. पण पैसा फार लागत होता, आणि 1871 मध्ये तो नाद सोडून दिला. आपल्या पूर्णेचं पाणी शेवटी गोदावरीतच जातं. म्हणजे सिद्धेश्वरहून सुटलेलं, कुणाच्याही उसात न मुरलेलं पाणी दौलेश्वरमच्या बंधाऱ्याला जाऊन टेकणार. एवढा भूगोल मला अजून येतो, सर.

सरांचं नाव निघालंच आहे तर सांगतो. नववीत सरांनी फळ्यावर पनामा कालवा काढला होता. एक जिना काढला आणि जिन्यावर जहाज. "जहाज जिना चढतं," सर म्हणाले आणि आपण सगळे हसलो. सरांनी खडू फेकून मारला तो नेमका मला लागला, हसणारा मात्र शेजारचा होता. पनामात जहाज 26 मीटर चढतं. फॉक्सटनला नाव 23 मीटर चढते, 75 फूट. म्हणजे सरांचा तो जिना मी शेवटी चढून आलो.

फॉक्सटन गावात एक फिरता पूल आहे. तो बाजूला सरकवून आम्ही पुढं गेलो, आणि वळणावर समोर टेकडी आली. त्या टेकडीवर एकावर एक दहा लॉक. पाच-पाचचे दोन जिने, मध्ये एक रुंद जागा, जिथं वर जाणारी आणि खाली येणारी नाव एकमेकींना वाट देऊ शकतात. 1814 पासून ते तिथं आहेत. जिना म्हणायचं कारण असं की वरच्या लॉकचा खालचा दरवाजा तोच खालच्या लॉकचा वरचा दरवाजा. मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. एकदा चढायला लागलात की मध्येच थांबता येत नाही आणि समोरून दुसरी नाव आलेली चालत नाही. म्हणून आधी तिथल्या लॉककीपरकडं जाऊन नाव नोंदवायचं आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचं.

पाळी म्हटल्यावर मी लगेच ओळखीच्या जागी आलो. आम्ही तासभर थांबलो. कुणी भांडलं नाही, कुणी साहेबाला फोन लावला नाही. मला जरा चुकल्यासारखंच वाटलं.

तिथं काठावर एक लहानसं संग्रहालय आहे. 1900 मध्ये गॉर्डन थॉमस नावाच्या इंजिनिअरनं त्या लॉकच्या शेजारी टेकडीच्या उतारावर रूळ टाकले. पाण्यानं भरलेल्या दोन मोठ्या टाक्या, एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते, वाफेच्या इंजिनानं ओढायच्या. नाव टाकीत घातली की बारा मिनिटांत वर. पण तेवढ्या नावाच येईनात आणि बॉयलर मात्र सतत पेटता ठेवावा लागायचा. 1911 मध्ये बंद झालं आणि 1928 मध्ये भंगारात विकलं. लॉक मात्र तसेच चालू आहेत. आमच्या खांद्याशी उभा असलेला एक शाळकरी मुलगा आईला म्हणाला, मला बारा मिनिटवालं पाहिजे होतं.

आता लॉक म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला एक अरुंद हौद. नाव खालून आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, वरचं पाणी हौदात सोडायचं. पाणी चढतं, नाव चढते. वरच्या पातळीला आली की पुढचा दरवाजा उघडायचा. दरवाजाला एक लांब जाड लाकडी दांडा असतो, त्याला पाठ लावून रेटायचं. दोन्ही अंगचं पाणी सारखं झालं नसेल तर दहा माणसं लावली तरी दरवाजा हलत नाही. सारखं झालं की आमच्या मंडळींनीसुद्धा एकटीनं उघडला.

पण फॉक्सटनला एक गोम आहे. तिथं वरच्या हौदातलं पाणी थेट खालच्या हौदात जात नाही. शेजारी एक-एक तळं आहे. वरच्या हौदाचं पाणी तळ्यात जातं आणि तळ्यातलं खालच्या हौदात. पाणी सोडायच्या दोन झडपा, त्यांचे दांडे रंगवलेले. एक लाल, एक पांढरा. लाल उघडलं की तळ्यातलं पाणी खालच्या हौदात जातं. पांढरं उघडलं की वरच्या हौदातलं तळ्यात. आधी लाल, मग पांढरं. उलटं केलं तर तळं आधीच भरलेलं, त्यात आणखी पाणी, आणि ते काठावरून बाहेर. लॉककीपरनं हे आम्हाला तीनदा सांगितलं. एक नाव वर जायला साधारण 25 हजार गॅलन पाणी लागतं, म्हणजे लाखाहून जास्त लिटर. ते पाणी वरच्या कॅनॉलला नेझबी, वेलफर्ड अशा तलावांतून येतं. वाया गेलं तर उन्हाळ्यात वरचा कॅनॉल उतरतो आणि लॉक बंद ठेवावे लागतात. म्हणून ते इतके जपतात.

मग यजमानांनी माझ्या हातात झडपेची किल्ली दिली. काटकोनात वाकवलेला लोखंडी दांडा, टोकाला चौकोनी भोक.

मित्रांनो, तो दांडा हातात आला आणि मला उभं राहता येईना. लॉककीपरला वाटलं, मला चक्कर आली. त्यानं बाकावर बसवलं, पाणी दिलं. बाबांच्या पान्याला वरून आडवी मूठ होती, एवढाच फरक. भोक तेच, चौकोनी. वजनही तेवढंच असेल. चाळीस वर्षांत मी तसं काही हातात धरलेलं नव्हतं. धरायचं नाही असं ठरवलं होतं म्हणा.

जानेवारी 1984. आपली दहावीची परीक्षा मार्चमध्ये. आपल्या वर्गातल्या एकाचं शेत एका चारीच्या अगदी टेलला होतं. नाव घेत नाही, तो आज आलाय आणि मी हे बोलणार आहे हे त्याला माहीत आहे. त्या पाळीत पाणी टेलपर्यंत पोचलं नव्हतं. पाणी हेडवाल्यांच्या उसात मुरलं आणि पाळी संपली. त्याचा गहू ओंबीवर आलेला. तो मला मधल्या सुट्टीत म्हणाला, "एक पाणी नाही बसलं तर गहू जातोय. मग परीक्षा देऊन तरी काय, ऊसतोडीलाच जायचंय."

त्या रात्री मी बाबांचा पाना घेतला. सायकल हातात धरून ओसरीवरून उतरवली, साखळीचा आवाज येऊ नये म्हणून. आम्ही दोघं चारीच्या हेडला गेलो. गेट मी उघडलं. बाबा चार आटे फिरवायचे, मी मोजलेच नाहीत. फिरत होतं तोवर फिरवलं. पाणी सुटल्याचा आवाज आला, तो टेलकडं पळाला आणि मी घरी येऊन झोपलो. चारला उठून बंद करणार होतो. उठलो तेव्हा उजाडलं होतं.

पाळी संपलेली, त्यामुळं मधली सगळी दारं बंद. हेडनं सुटलेलं पाणी त्या कच्च्या चारीत मावणार कुठं? एका वळणावर बांधाला खेकड्यांची बिळं होती, तिथं ती फुटली. खाली एका बाईचं शेत होतं. नवरा वारलेला, दोन पोरं, दोन एकर फुलावर आलेला हरभरा. हरभऱ्याला त्या वेळी पाणी उभं राहिलेलं चालत नाही, ते इथं कुणाला सांगायची गरज नाही. आठ दिवसांत सगळा पिवळा पडला. आणि ज्याच्यासाठी केलं त्याच्या शेतात अर्धा तास पाणी गेलं असेल नसेल. त्याचा गहू त्यावर तरलाही नाही. परीक्षा मात्र त्यानं दिली, आणि पुढं तो शिक्षक झाला.

चौकशी झाली. बाबांनी सांगितलं, गेट माझ्याकडूनच नीट बंद झालं नव्हतं. त्यांची वेतनवाढ थांबली. त्या वर्षी आमच्या घरचा हरभरा आणि विकत घेतलेला मिळून दोन पोती त्यांनी त्या बाईच्या घरी सायकलवरून नेऊन टाकली. उन्हाळ्यात बदली झाली आणि आम्ही वसमत सोडलं. म्हणून अकरावीला मी तुमच्यात नव्हतो. बऱ्याच जणांनी आज सकाळी विचारलं, तू एकदम कुठं गायब झालास. तर असं.

मला बाबा एक शब्द बोलले नाहीत. माझ्या चपला चिखलानं भरलेल्या होत्या आणि पाना जागेवर नव्हता, तेव्हा त्यांना कळलं नसेल असं मी मानत नाही. चौकशी झाल्यावर दोन दिवसांनी जेवताना, ताटाकडं बघतच म्हणाले, "कधी गेट उघडायची वेळ आली तर आधी टेल बघावं, मग हेड." बस. परत तो विषय त्यांनी 2009 मध्ये जाईपर्यंत काढला नाही. मी पण काढला नाही.

आणि आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं ते.

तेव्हा गावात एक बोलणं पसरलं होतं, की पाटकरी त्या रात्री पिऊन पडला होता. आपल्या वर्गातही ते आलं. एकानं फळ्यावर लिहिलं होतं. बाईंनी ते पुसलं. बाई, तुम्ही पुसताना माझ्याकडं बघितलं नाहीत, ते मी विसरलेलो नाही. मी मान खाली घालून बसलो होतो. तुम्हाला वाटलं असेल, पोराला वडिलांची लाज वाटतेय. तसं नव्हतं. माझे वडील आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नाहीत. मला एक वाक्य बोलायचं होतं आणि मी बोललो नाही. परीक्षेनंतर बोलू म्हटलं, मग बदली झाली, मग कुणाला सांगणार, असं करत चाळीस वर्षं. संयोजकांना माझी विनंती आहे की स्मरणिकेत हे भाषण छापताना बाकी वाटेल ते कापा, एवढा परिच्छेद ठेवा. तुमच्यापैकी कुणी ते बोलणं ऐकलं असेल, पुढं कुणाला सांगितलं असेल, तर आता हेही सांगा. गेट मी उघडलं होतं.

फॉक्सटनला मी पाच मिनिटांनी उठलो आणि झडपा फिरवल्या. दहाही लॉकच्या. आधी लाल, मग पांढऱ्या. यजमान म्हणाले, राहू द्या, दमाल. मी म्हटलं, नाही. प्रत्येक वेळी मी आधी खाली वाकून हौदात बघत होतो आणि मग फिरवत होतो, त्याची त्यांना गंमत वाटत होती. वर पोचायला तास लागला. वरच्या काठावरून मागं बघितलं तर खाली सगळा मुलूख पसरलेला, शेतं, मेंढ्या, आणि आम्ही जिथून निघालो तो कॅनॉल वळणं घेत गेलेला. संध्याकाळचे पाच वाजले होते आणि ऊन दुपारसारखं होतं. आमच्या मंडळींनी विचारलं, काय झालं होतं तुम्हाला? लग्नाला एकतीस वर्षं झाली, तिलाही मी पहिल्यांदा तिथंच सांगितलं, जावयाची गाडी येईपर्यंत.

त्या बाईंचा थोरला मुलगा आपल्याच वर्गात होता. शेवटच्या बाकावर बसायचा. तोही आज आलाय. फळ्यावर लिहिणारा तो नव्हता, हे स्पष्ट सांगतो. सकाळी नाश्त्याच्या आधी मी त्याला बाजूला घेऊन हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं, आता उठून जाईल, आणि गेला असता तर त्याचं चुकलं नसतं. मग त्यानं विचारलं, "चारी कुठं फुटली होती, लिंबाच्या अलीकडं का पलीकडं?" मी म्हटलं, अलीकडं. तो म्हणाला, "मग बरोबर. तिथं आता हळद आहे." आणि मग म्हणाला, "माय आहे अजून. ऐकायला कमी येतं. मोठ्यानं सांगावं लागेल."

तर उद्या सकाळी आम्ही तिघं तिकडं जातोय. मी, टेलवाला आणि तो. सातला बसस्टँडसमोरून निघू. गाडीत अजून चार जणांची जागा आहे, कुणाला यायचं असेल तर या. पाणी सुटलेलं आहे, काठावर चिखल असेल, तेव्हा चांगल्या चपला घालून येऊ नका.